गाडी जात नाही म्हणूनच टिकलाय! स्कॉटलंडच्या ‘सँडवुड बे’ची गोष्ट

स्कॉटलंडच्या वायव्य टोकाला एक समुद्रकिनारा आहे. लांबच लांब, गुलाबीसर वाळूचा. मागे वाळूच्या टेकड्या, त्यामागे गोड्या पाण्याचं तळं आणि समोर अथांग अटलांटिक महासागर. एवढा देखणा किनारा म्हणजे हॉटेलं, कॅफे आणि सेल्फी पॉइंट असणारच, असं कुणालाही वाटेल. पण ‘सँडवुड बे’वर यातलं काहीच नाही. असं का? चला, समजून घेऊया.

रस्ताच नाही!

किनलॉकबर्व्ही या मासेमारीच्या गावापासून थोडं पुढे ब्लेअरमोर नावाची छोटी वस्ती आहे. गाडी तिथेच लावावी लागते. पुढचे साडेसहा किलोमीटर चालायचे. वाट फारशी चढाची नाही, पण उघड्या माळरानातून आणि तळ्यांच्या कडेने जाते. जायला साधारण दोन तास, यायला तेवढेच. म्हणजे एकूण १३ किलोमीटरची पायपीट. नुसता फोटो काढायला आलेले अनेकजण इथेच विचार बदलतात!

तिथे बघायचं काय?

किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला समुद्रातच उभा असलेला, सुमारे ६५ मीटर उंच दगडी सुळका लगेच नजरेत भरतो. त्याचं नाव ‘अम बुअखल’, गेलिक भाषेत अर्थ ‘गुराखी’. लाटांनी कड्याचा कमकुवत भाग हजारो वर्षं झिजवला आणि मधला दगड ढासळून हा सुळका एकटा उरला.

इथून उत्तरेला केप रॅथ हे टोक आहे. तिथलं दीपगृह १८२८ मध्ये रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी बांधलं. ते होण्याआधी या भागात अनेक जहाजं फुटली, असं सांगतात. साहजिकच इथे बुडालेल्या खलाशाच्या भुताच्या आणि मत्स्यकन्येच्या गोष्टीही भरपूर आहेत.

मालक कोण?

१९९३ मध्ये ‘जॉन म्युअर ट्रस्ट’ या निसर्ग संवर्धन संस्थेने ही जमीन विकत घेतली. जॉन म्युअर मूळचे स्कॉटलंडचे. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांसाठी झटणारे निसर्गप्रेमी म्हणून ते ओळखले जातात. या परिसरात आजही स्थानिक शेतकऱ्यांच्या मेंढ्या चरतात.

मग गेट लावून तिकीट का घेत नाहीत?

कारण कायदा! स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने प्रत्येकाला बहुतेक मोकळ्या जमिनीवर फिरण्याचा हक्क दिला आहे, मग मालक कुणीही असो. अगदी तंबू ठोकून राहताही येतं. अट एकच, जबाबदारीने वागायचं. मोटारगाडी नेण्याचा हक्क मात्र यात येत नाही.

खरा पेच इथेच आहे. २०१५ मध्ये ‘नॉर्थ कोस्ट ५००’ हा उत्तर स्कॉटलंडला वळसा घालणारा सुमारे ८०० किलोमीटरचा पर्यटन मार्ग सुरू झाला. सोशल मीडियावर तो गाजला आणि या भागातल्या अरुंद रस्त्यांवर कॅम्परव्हॅनची गर्दी वाढली. सँडवुड बेचे फोटोही व्हायरल होतात.  एखाद्याने प्लास्टिक टाकलं किंवा टेकडीवरचं गवत तुडवलं, तर लगेच सावरणारं कुणी नाही. या गवताच्या मुळांनीच वाळू धरून ठेवलेली असते. गवत गेलं की वाऱ्याबरोबर टेकडीही जाते.

जायचं असेल तर हे लक्षात ठेवा

* जून महिन्यात रात्री दहानंतरही उजेड असतो. डिसेंबरमध्ये मात्र दुपारी साडेतीनच्या सुमारासच सूर्य मावळतो.
* रेनकोट, गरम कपडे, चांगले बूट, खाणं आणि पाणी सोबत हवंच. वाटेत दुकान नाही.
* उन्हाळ्यात ‘मिज’ नावाचे बारीक चावरे कीटक हैराण करतात.
* पाणी थंडगार आणि प्रवाह धोकादायक. जीवरक्षक नाहीत, त्यामुळे पोहण्याचं धाडस नको.
* शेकोटीऐवजी छोटा स्टोव्ह वापरा आणि कचरा परत घेऊन या.

सँडवुड बेला कुंपण नाही आणि कायद्यामुळे कुणाला अडवताही येत नाही. आतापर्यंत त्याला वाचवलंय ते दोन तासांच्या चालण्याने. पुढे तो टिकणार की नाही, हे तिथे पोहोचणाऱ्या प्रत्येकाच्या वागण्यावर ठरेल.