बॅटरी चार्ज का होत नाही?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून सहसा थोर विषय मांडले जातात. माझा आजचा विषय त्या मानाने अगदीच घरगुती आहे. लॅपटॉप विजेला जोडला, दिवा लागला, यंत्रही चालू झाले; पण त्याची बॅटरी काही केल्या भरत नाही. अशा वेळी काय करावे, एवढेच मला सांगावयाचे आहे. परंतु याच क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नावर मी एकदा न पाहता उत्तर दिले आणि त्यापायी एका घरचे साडेतीन हजार रुपये वाया गेले. तेव्हा हा विषय मी मुद्दाम मागून घेतला, असे म्हणावयास हरकत नाही.

ही गोष्ट पोशीरची आहे. नेरळहून कळंबकडे जाताना हे गाव लागते. माझ्या मावसबहिणीचे घर तेथे आहे. तिची मुलगी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिचे वर्षभराचे प्रकल्पाचे लिखाण लॅपटॉपवर चालले होते. ऐन पावसाळ्यात तिचा फोन आला. "मामा, चार्जर लावला की लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चढतच नाही. सात टक्क्यांवर अडून बसलीय. दिवे गेले की सगळं एकदम बंद!" पावसाळ्यात कर्जतच्या बाजूला दिवे किती वेळा जातात हे आपण जाणताच. मी विचारले, "किती वर्षं झाली घेऊन?" ती म्हणाली, "चार." मी लगेच निकाल दिला, "मग बॅटरी गेली असणार. नवी घ्या." त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून नवी बॅटरी आणून बसविली. तिचे काय झाले, ते पुढे सांगतो. आधी बॅटरी भरणे म्हणजे काय ते पाहू.

हे समजावून घेण्यासाठी आपल्याला फार लांब जावयास नको. मावळात ठोकरवाडीच्या धरणाने आंध्रा नदीचे पाणी अडविलेले आहे. ते बोगद्यातून आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली उतरते व कर्जत तालुक्यातील भिवपुरीच्या वीजगृहात चक्रे फिरविते. हे वीजगृह १९२२ साली चालू झाले. शेजारच्या खालापूर तालुक्यातील खोपोलीचे त्याच्याही आधी, १९१५ साली. वर तलावात साठलेले पाणी म्हणजे एका अर्थी साठवून ठेवलेली वीजच होय. झडप उघडावी, पाणी सोडावे, वीज घ्यावी. आता तर वापरून झालेले पाणी विजेच्या बळावर पुन्हा वर चढवावयाचे आणि गरजेच्या वेळी पुन्हा खाली सोडावयाचे, अशी एक हजार मेगावॉटची योजना याच भिवपुरीसाठी आखली गेली असून तीसंबंधी २०२३ साली राज्य शासन आणि टाटा पॉवर यांच्यात करार झाला. पाणी वर चढविणे म्हणजे चार्जिंग. खाली सोडणे म्हणजे वापर.

लॅपटॉपच्या बॅटरीत पाण्याऐवजी लिथियमचे विद्युत्भारित कण असतात. बॅटरी भरताना ते एका बाजूच्या थरातून निघून दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरात जाऊन बसतात. वापरताना ते परत येतात. हे ज्ञान ज्यांच्या परिश्रमाने व्यवहारात आले त्या जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९१ साली सोनी कंपनीने अशी बॅटरी प्रथम बाजारात आणली. हे कण नाजूक स्वभावाचे आहेत. प्रत्येक घटाला त्याच्या ठरलेल्या व्होल्टच्या वर चढविता येत नाही. फार उष्णतेत आणि गोठणाऱ्या थंडीत त्यांना भरणे धोक्याचे असते. म्हणून बॅटरी आणि चार्जर यांच्यामध्ये एक पहारेकरी बसविलेला असतो. हा पहारेकरी म्हणजे एक छोटे इलेक्ट्रॉनिक मंडल. बाहेरची वीज योग्य आहे, घट तापलेले नाहीत, बॅटरी ओळखीची आहे, अशी खात्री पटली तरच तो झडप उघडतो. विहिरीवर हंडा भरताना काठाशी आल्यावर आपण धार बारीक करतो ना? तद्वत हा पहारेकरीही शेवटी धार बारीक करतो. शेवटचे वीस टक्के भरावयास फार वेळ लागतो तो यामुळेच. तो दोष नव्हे.

आता मुख्य सूत्र ध्यानात घ्या. भिंतीतील सॉकेट, दोरी, अडॅप्टर, लॅपटॉपच्या अंगावरील भोक, आतला पहारेकरी आणि शेवटी बॅटरी, असा विजेचा प्रवास असतो. तलावात पाणी चढत नाही म्हणून कोणी तलावाची भिंत पाडावयास निघत नाही. तो खालून वर नळ तपासत जातो. आपणही तसेच करावे. आधी फुकटचे तपासावे, मग स्वस्ताचे आणि सरतेशेवटी महागाचे. शिवाय एका वेळी एकच वस्तू बदलावी. तीन वस्तू एकदम बदलल्या आणि काम झाले, तर दोष कोणाचा होता हे कधीच कळत नाही.

सर्वांत आधी पडदा वाचावा. यंत्र मुळीच वीज घेत नाही, की वीज घेते पण बॅटरी भरत नाही? या दोन तक्रारी अगदी निराळ्या आहेत. चार्जर लावल्यावर दिवा लागत नसेल आणि पडद्यावर जोडणीचे चिन्ह येत नसेल, तर दोष बाहेरच्या वाटेवर असण्याचा संभव अधिक. 'जोडले आहे, चार्ज होत नाही' अशा अर्थाची ओळ येत असेल, तर वीज दारापर्यंत आली आहे आणि पहारेकऱ्याने ती थोपविली आहे. त्याचे कारण शोधावयाचे. पुष्कळ वेळा ते निरुपद्रवी असते. अनेक कंपन्या बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून ती साठ किंवा ऐंशी टक्क्यांवर थांबविण्याची सोय ठेवतात. आकडा नेमका तेथेच थांबत असेल तर ती सोय चालू आहे का, हे आधी पाहावे.

पहिली तक्रार असेल तर सॉकेटपासून आरंभ करावा. त्याच सॉकेटात दुसरे एखादे उपकरण लावून पाहावे. ढिल्या सॉकेटात प्लग हलतो आणि ठिणगी पडते. घरी वीज कमी दाबाने येते म्हणून बॅटरी भरत नाही, अशी समजूत गावोगाव आढळते. पण अडॅप्टरच्या पाठीवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. दिवे थोडे मंद झाले तरी त्याचे काम चालू राहते. त्यानंतर भिंतीपासून अडॅप्टरपर्यंतची दोरी. ती अडॅप्टरच्या तोंडाशी सैल होते. नीट आत दाबून पाहावी. तशीच दोरी शेजाऱ्याकडे असते. घटकाभर मागून आणली की उलगडा होतो.

पुढे अडॅप्टर. त्यावर दोन आकडे असतात. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब आणि अँपिअर म्हणजे तिचा ओघ. उदाहरणार्थ, १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर. त्यांचा गुणाकार सुमारे ६५ वॉट येतो. दुसरा अडॅप्टर लावून पाहावयाचा असेल तर त्याचे टोक तसेच हवे, व्होल्ट तेवढेच हवेत आणि अँपिअर तेवढे किंवा अधिक हवेत. कमी वॉटचा अडॅप्टर लावला तर यंत्र कसेबसे चालते, पण बॅटरी भरावयास काही उरत नाही. चपट्या, दोन्ही बाजूंनी बसणाऱ्या टाइप-सी टोकाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे चार्जर आणि यंत्र आपसांत बोलून दाब ठरवितात. परंतु मोबाइलचा लहान चार्जर लॅपटॉपला पुरत नाही. शिवाय लॅपटॉपचे प्रत्येक टाइप-सी भोक चार्जिंगचे असतेच असे नाही. भोकात कापसाचा तंतू किंवा धूळ बसते. यंत्र बंद करून, चार्जर काढून, लाकडी दातकोरणीने ती हलकेच काढावी. टाचणी वा सुई मुळीच घालू नये.

एवढे करूनही भागले नाही तर एक साधा उपाय आहे. लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढावी, आणि चालू करण्याचे बटण सुमारे अर्धा मिनिट दाबून धरावे. मग सर्व जोडून पाहावे. गोंधळलेला पहारेकरी यामुळे पुन्हा शुद्धीवर येतो. उन्हाळ्यात यंत्र गादीवर ठेवून वापरले असेल तर त्याला तासभर निवू द्यावे. घट तापलेले असताना चार्जिंग थांबणे हे रक्षणच होय.

आता बॅटरीचे वय. माणसाप्रमाणे तिचीही धारणशक्ती ओसरते. साधारणपणे तीनशे ते पाचशे वेळा पुरती भरून रिकामी झाली की ती मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते. हे अंदाजाने ठरवू नये. विंडोजच्या लॅपटॉपवर आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत इंग्रजी अक्षरांत 'पॉवरसीएफजी' लिहून, एक जागा सोडून, तिरपी रेघ आणि तिला लागूनच 'बॅटरीरिपोर्ट' असे लिहिले की अहवाल तयार होतो. त्यात मूळची धारणशक्ती आणि आजची धारणशक्ती शेजारीशेजारी दिलेली असते. मूळची ४२ वॉट-तास आणि आजची ३० असेल, तर बॅटरी थकली आहे, मेलेली नाही. बारा असेल तर मात्र नवी घ्यावी.

येथे एक गंभीर सूचना. लॅपटॉपची बैठक डगमगू लागली, बोट फिरविण्याची पट्टी वर उचलली गेली, कवचाला फट पडली, तर आतली बॅटरी फुगली आहे असे समजावे. मग पुढचा एकही प्रयोग करू नये. चार्जर काढावा, यंत्र बंद करावे, दाबून सपाट करण्याचा मोह टाळावा, आणि ते जाणकाराकडे न्यावे. भोसकलेली लिथियम बॅटरी पेट घेते. जुनी बॅटरी कचऱ्यातही टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

आता पोशीरला परत येऊ. नवी बॅटरी बसविली आणि तीही भरेना. तालुक्याच्या गावी एका दुकानात दाखविले. तेथे न उघडताच 'बोर्ड गेला' म्हणून नऊ हजारांचा आकडा सांगण्यात आला. मुलीचा प्रकल्प त्या यंत्रात, आणि सादर करावयास आठ दिवस उरलेले. तेव्हा मी स्वतः गेलो. लॅपटॉप चालू करावयास सांगितला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या आणि मुलीने सवयीने एक कळ दाबून त्या घालविल्या. मी म्हटले, "थांब, काय होतं ते?" ती म्हणाली, "ते रोजच येतं, मामा. कळ दाबली की जातं." पुन्हा चालू करून वाचले. अर्थ असा होता की, अडॅप्टरची ओळख पटत नाही. बॅटरी चार्ज होणार नाही.

काही लॅपटॉपांच्या अडॅप्टरमधून दोन जाड तारांबरोबर तिसरी एक बारीक तार येते. टोकाच्या मधली सुई तिचीच. वीज पहिल्या दोन तारांतून येते; तिसरीतून फक्त निरोप येतो की मी अमुक वॉटचा, आपला माणूस आहे. आमच्या त्या अडॅप्टरची दोरी रोज त्याच्याभोवती करकचून गुंडाळली जाई. टोकाजवळच्या बाकावर ती बारीक तार तुटली होती. वीज पोहोचत होती, म्हणून यंत्र चालत होते. निरोप पोहोचत नव्हता, म्हणून पहारेकरी झडप उघडत नव्हता. कर्जतहून योग्य वॉटचा अडॅप्टर आणला आणि लावताक्षणी आकडा सातावरून आठावर गेला. मग मी जुनी बॅटरी बसवून पाहिली. तीही निमूटपणे भरू लागली. प्रकल्प वेळेवर सादर झाला. साडेतीन हजारांची नवी बॅटरी मात्र कपाटात पडून राहिली. माझी बहीण काही बोलली नाही, चहा मात्र दिला. त्या चहाबरोबर जे गिळले ते आपल्यापुढे ठेवले आहे.

यापुढे कोणी मला विचारले की बॅटरी गेली का, तर मी आधी विचारतो, "पडद्यावर काय लिहून येतं?" आपणही घरी गेल्यावर मुलांना हाच प्रश्न विचारावा आणि चार्जरची दोरी सैल वेढ्यांनी गुंडाळावयास शिकवावे. व्याख्यानाचे शुल्क तेवढ्याने भरून निघेल.