गोळी सरकारची, पोट मात्र रुग्णाचे!

एचआयव्हीबाधिताचे पोट सुटले की शेजारीपाजारी म्हणतात, 'बरे झाले, अंग धरले!' हातापायांच्या काटक्या, गाल आत गेलेले आणि पोट तेवढे पुढे, याला अंग धरणे म्हणत नाहीत. डॉक्टर याला लिपोडिस्ट्रॉफी म्हणतात. पोटातली ही चरबी चिमटीत येत नाही. ती आत, आतड्यांभोवती साठते आणि हृदयविकाराचा धोका वाढवते.

मुळात हे झाले कशाने? १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत एआरटी सुरू केली. त्या गोळ्यांनी लाखोंचे प्राण वाचले, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. तथापि त्या काळच्या स्वस्त मिश्रणात स्टॅव्ह्युडिन होते. गाल व हातपाय झडण्यास मुख्यतः तेच कारणीभूत ठरले. पोटातल्या चरबीचा संबंध जुन्या प्रोटीज इनहिबिटर औषधांशीही जोडला गेला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्ह्युडिन टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सांगितले. औषध गेले, अंगावरची खूण राहिली.

यावर टेसामोरेलिन नावाचे इंजेक्शन आहे. अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०१० मध्ये त्यास मंजुरी दिली. ते पिट्युटरी ग्रंथीकडून शरीराचेच वाढीचे संप्रेरक जास्त सोडवून घेते. रोज पोटाच्या कातडीखाली टोचायचे. २६ आठवड्यांच्या चाचणीत आतली चरबी सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास घटली. पण वाचकांनी भुलू नये! हे वजन उतरवण्याचे औषध नव्हे. टोचणे थांबले की चरबी परत येते. रक्तातली साखर वाढू शकते. गरोदर स्त्रीस आणि कर्करोग असलेल्यास ते चालत नाही. त्याने हृदयविकार टळतो, हे सिद्ध झालेले नाही. खर्च वर्षाला हजारो डॉलर! रोजंदारी बुडवून एआरटी केंद्राच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईसाठी ते नाहीच.

आता कायद्याचे पाहू. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. कलम ८ म्हणते, न्यायालयाच्या आदेशाशिवाय कोणासही आपली बाधा उघड करण्याची सक्ती करता येणार नाही. छान! पण चेहरा आणि पोटच ती चारचौघांत उघड करत असतील तर? कलम १४ मध्ये सरकारने 'शक्य तितपत' निदान, एआरटी आणि संधिसाधू आजारांवरील उपचार द्यावेत, असे आहे. औषधांच्या दुष्परिणामांचे नावही नाही. आम्ही वकिली करतो. 'शक्य तितपत' या दोन शब्दांवर सरकार किती निवांत झोपू शकते, हे आम्ही जाणतो.

ते इंजेक्शन उद्याच प्रत्येक केंद्रावर ठेवा, अशी आमची मागणी नाही. साखर आणि कोलेस्टेरॉल वेळच्या वेळी तपासा, गरज पडल्यास गोळी बदला, एवढे तरी करा. केंद्रावर रुग्णाचे वजन घेतात. हातपाय झडले आणि पोट वाढले तर काट्यावरचा आकडा जागचा हलत नाही. कंबर मोजायला शिंप्याकडची फीत लागते. तिची किंमत किती?