चाळींचा वारसा आणि मानखुर्दचा उजेड

हार्बर मार्गावरील मानखुर्द स्थानकातून बाहेर पडले की पुनर्वसन वसाहतींच्या इमारतींची दाटी नजरेत भरते. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पासाठी रेल्वेमार्गालगतच्या झोपड्या हटविण्यात आल्या आणि तेथील हजारो कुटुंबे २००० नंतरच्या काळात लल्लूभाई कम्पाउंडसारख्या वसाहतींत आली. प्रत्येक कुटुंबाला २२५ चौरस फुटांचे पक्के घर मिळाले. मात्र खालच्या मजल्यांवरील अनेक घरांत भर दुपारीही दिवा लावावा लागतो. कष्टकऱ्यांच्या घरात उजेड किती यावा, हा प्रश्न मुंबईपुढे यापूर्वीही उभा राहिला होता आणि त्याचे उत्तरही शहराने शोधले होते. हे उत्तर कामगार चाळींच्या इतिहासात सापडते.

गिरण्यांच्या भोंग्यावर चालणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील मुंबईत कामगारांच्या निवाऱ्याची जबाबदारी कोणीच घेतली नव्हती. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार मिळेल त्या खासगी चाळीत राही. एकेका खोलीत अनेकजण पाळीपाळीने झोपत. इमारती एकमेकींना इतक्या खेटून होत्या की कित्येक खोल्यांना सूर्यदर्शन ठाऊकच नव्हते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, आणि अंधाऱ्या घरांची किंमत शहराला कळून चुकली. भयभीत झालेले लाखो लोक मुंबई सोडून गेले.

त्यानंतर १८९८ साली कायद्याने ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. रुंद रस्ते काढणे, कोंदट वस्त्या मोकळ्या करणे आणि गरिबांसाठी घरे बांधणे ही त्याची कामे. ‘बी.आय.टी. चाळी’ हे नाव त्यातूनच आले. विदेशातील शिक्षणाचा काळ वगळता डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ या काळात परळच्या अशाच एका चाळीत राहिले. देशाच्या घटनेच्या शिल्पकाराची जडणघडण जेथे झाली, ती वास्तू कामगारांसाठी बांधलेली चाळ होती, हे विसरता येणार नाही.

या ट्रस्टने चाळींबरोबरच एक साधा नियमही मागे ठेवला. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी ‘साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमा’चा हिरीरीने पुरस्कार केला. सर्वात खालच्या खोलीच्या बाहेरील भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात एक तिरपी रेषा कल्पावी. समोरच्या इमारतीने ती रेषा छेदता कामा नये. याचा व्यवहारातील अर्थ असा, की समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मी जागा मध्ये मोकळी हवी. २४ मीटर उंचीची इमारत असेल तर मध्ये १२ मीटर अंतर हवे. तळमजल्यावरील माणसालाही आकाशाचा तुकडा दिसला पाहिजे, एवढीच यामागील माणुसकीची अपेक्षा होती.

पुढचा टप्पा अधिक महत्त्वाकांक्षी ठरला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली विकास खाते, म्हणजे ‘बी.डी.डी.’, अस्तित्वात आले. खर्चाला हातभार लागावा म्हणून शहरात येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसविण्यात आला. ५० हजार खोल्यांचा संकल्प सोडण्यात आला होता. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या २०७ चाळी आणि सुमारे १६ हजार खोल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला (आजचा ना. म. जोशी मार्ग) ३२ आणि शिवडीला १२ अशी त्यांची वाटणी होती.

या चाळी निर्दोष मुळीच नव्हत्या. तळमजला अधिक तीन मजले, मध्ये बोळ, दोन्ही अंगांना १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि मजल्यावर सामाईक शौचालय अशी त्यांची रचना. भाडे परवडत नसल्याने आणि गिरण्या दूर पडत असल्याने आरंभी कितीतरी खोल्या रिकाम्या राहिल्या. कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या काही चाळींचा सरकारने तुरुंग म्हणून वापर केला, यातच काय ते आले. पण दोन चाळींमध्ये मोकळे पटांगण राहिले. त्या पटांगणांत पुढे गणेशोत्सव, कबड्डीचे सामने, आंबेडकर जयंतीचे सोहळे आणि कामगारांच्या सभा रंगल्या.

विलायतेत अशा वस्त्यांकडे कोणत्या दृष्टीने पाहिले जाते? यॉर्कशायरमधील लोकरगिरणीचे मालक टायटस सॉल्ट यांनी १८५१ पासून कामगारांसाठी वसविलेले सॉल्टेअर हे छोटे गाव २००१ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. इटलीतील क्रेस्पी द’अद्दा या गिरणीगावाला हा मान त्यापूर्वीच, १९९५ साली मिळाला. दोन्ही ठिकाणी लोक आजही राहतात.

मुंबईनेही १९९५ साली वारसा वास्तूंसाठी स्वतंत्र नियमावली केली. अशी नियमावली करणारे ते भारतातील पहिले शहर. २०१८ साली येथील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूह जागतिक वारसा ठरला. त्यात मरीन ड्राइव्हवरील सुखवस्तू कुटुंबांच्या काँक्रीटच्या इमारती आहेत. बी.डी.डी. चाळी त्यांच्याहून थोड्या आधीच्या आणि काँक्रीटच्याच. एका काँक्रीटला मानपत्र मिळाले, दुसऱ्याच्या वाट्याला हातोडा आला.

अर्थात १६० चौरस फुटांत पिढ्यान् पिढ्या काढलेल्या रहिवाशांना ‘तुमची गैरसोय हा आमचा वारसा’ असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील चाळींचा पुनर्विकास ‘म्हाडा’मार्फत सुरू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. हक्काचे स्वच्छतागृह प्रथमच घरात आले, त्या आनंदाला उणे लेखणे हा करंटेपणा ठरेल.

भिंती पाडताना त्या ज्या धड्यातून उभ्या राहिल्या, तो धडाही आपण पाडतो आहोत का, हे मात्र तपासायला हवे. पुनर्वसनाच्या इमारतींसाठी मोकळ्या जागेच्या सर्वसाधारण नियमांत सवलती देण्यात आल्या, आणि त्याचे परिणाम मानखुर्द-गोवंडीत दिसले. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास यादृष्टीने डोळे उघडणारा आहे. लल्लूभाई कम्पाउंड आणि नटवर पारेख कम्पाउंड या दाटीच्या वसाहतींत क्षयरोगाचे रुग्ण असलेल्या घरांचे प्रमाण, इमारतींमध्ये अधिक अंतर असलेल्या पी.एम.जी.पी. वसाहतीच्या कितीतरी पट अधिक आढळले. सूर्यप्रकाश आणि वारा जेथे पोहोचत नाही, अशा खालच्या मजल्यांना धोका जास्त. १८९६ साली प्लेगने जे शिकविले, तेच आता क्षयरोग पुन्हा शिकवीत आहे.

वारसा म्हणजे केवळ कमानी आणि नक्षीदार कठडे नव्हेत. हजारो जीव गमावून शहराने मिळविलेले शहाणपण हाही वारसाच, आणि साडेत्रेसष्ट अंशांची ती तिरपी रेषा त्यातील बहुमोल ठेवा आहे. चाळींची एखादी खोली उद्या संग्रहालयात ठेवता येईल. ती रेषा मात्र पुनर्वसनाच्या प्रत्येक नव्या आराखड्यात पुन्हा आखावी लागेल. तसे झाले, तर मानखुर्दच्या तळमजल्यावरील मुलाला दिवसा अभ्यासासाठी दिवा लावावा लागणार नाही.