गाडीचे टायर किती किलोमीटरनंतर रोटेट करावेत? पुढचेच टायर आधी 'गोटा' का होतात?

गाडी सर्व्हिसिंगला दिली की ऑइल, फिल्टर, एसी या सगळ्यांची चौकशी होते. मात्र बिलावर 'टायर रोटेशन' अशी ओळ दिसली, की हा खर्च कशाला, असा प्रश्न अनेकांना पडतो. मग एखाद्या पावसाळ्यात ब्रेक दाबूनही गाडी पुढे सरकते आणि लक्षात येते, की मागचे टायर ठीक आहेत, पण पुढचे दोन्ही गोटा झाले आहेत. असे का होते? जाणून घेऊया.

पुढचे टायर लवकर का झिजतात?

स्विफ्ट, वॅगन आर, आय-२० अशा बहुतेक छोट्या गाड्या फ्रंट व्हील ड्राइव्ह असतात. इंजिनचे वजन पुढे, गाडी ओढण्याचे काम पुढच्या चाकांकडे आणि वळण्याचेही. ब्रेक दाबला की भार पुन्हा पुढेच येतो. मागची चाके तुलनेने आरामात असतात. त्यामुळे ठरावीक अंतरानंतर जागा बदलली, तर चारही टायर साधारण सारखेच झिजतात.

किती किलोमीटरनंतर?

साधारण ८ ते १० हजार किलोमीटर. अनेक गाड्यांची सर्व्हिसिंग १० हजारांवर असते, तेव्हाच हे काम उरकावे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल, तर तोच पाळावा.

कोणते चाक कुठे?

- फ्रंट व्हील ड्राइव्ह : पुढची चाके सरळ मागे, मागची चाके तिरकी पुढे. म्हणजे मागचे डावे पुढे उजवीकडे.
- रिअर व्हील ड्राइव्ह (बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या गाड्या) : मागची सरळ पुढे, पुढची तिरकी मागे.
- टायरच्या बाजूला फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल, तर डावी-उजवी अदलाबदल नको. फक्त त्याच बाजूला पुढे-मागे.
- पुढच्या-मागच्या टायरचा आकार वेगळा असेल, तर पुढे-मागे करता येत नाही.
- स्टेपनी इतर टायरच्याच आकाराची असेल, तरच ती रोटेशनमध्ये घ्यावी.

काम झाल्यावर हवा पुन्हा तपासायला विसरू नका. अनेक गाड्यांत पुढचे-मागचे प्रेशर वेगळे असते.

रोटेशनने काय होत नाही?

टायर कुठे झिजला आहे, यावरून मूळ दोष कळतो.

- दोन्ही कडा झिजल्या : हवा कमी
- फक्त मधला भाग झिजला : हवा जास्त
- एकच कड झिजली : व्हील अलाइनमेंट बिघडले
- मध्येच खड्डे पडल्यासारखी झीज : बॅलन्सिंग किंवा सस्पेन्शन तपासा

हा दोष दुरुस्त न करता टायर फिरवले, तर दुसरा टायरही तसाच खराब होतो.

उशीर झाला असेल तर?

नव्या टायरच्या खाचा साधारण ७-८ मिलिमीटर खोल असतात. कारसाठी कायदेशीर किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. खाचांमध्ये मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. झीज त्यांच्या पातळीला आली, की टायर बदलण्याची वेळ झाली. या खाचाच पावसाचे पाणी बाजूला सारतात. त्या उरल्या नाहीत, तर टायर पाण्यावर तरंगतो आणि ब्रेक, स्टिअरिंग दोन्ही निकामी ठरतात.

असे गोटा टायर मागे ढकलणे हा उपाय नाही. ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली, तर गाडी गर्रकन फिरते आणि सावरणे कठीण जाते. म्हणूनच दोनच नवे टायर घेणार असाल, तर ते मागे बसवावेत आणि कमी झिजलेले जुने पुढे घ्यावेत. रोटेशनचा फायदा फरक थोडा असतानाच मिळतो. त्यामुळे पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी देताना चारही टायरच्या खाचांची खोली मोजून घ्या आणि मगच 'रोटेशन करा' म्हणून सांगा.