नोंदींचा क्रम कोणासाठी?

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्याचे संदर्भपुस्तिकेवाचून चालत नाही. कोणते फंक्शन काय करते, त्याला कोणती माहिती पुरवावी लागते, हे सारे तीत नोंदींच्या रूपाने असते. या पुस्तिका आता बहुधा हाताने लिहीत नाहीत. आज्ञावलीतच लिहून ठेवलेल्या टिपा उचलून जावाडॉक, डॉक्सिजन, स्फिंक्स यांसारखी साधने त्या तयार करतात. पण शेकडो नोंदी कोणत्या क्रमाने लावायच्या, हे शेवटी माणसालाच ठरवावे लागते.

या प्रश्नाचा विचार करताना मला बडोदे संस्थानाचे उदाहरण उद्बोधक वाटते. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९१० साली प्रजेसाठी ग्रंथालये उभारण्याकरिता विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावले. राजवाड्यातील सुमारे २०,००० पुस्तके मध्यवर्ती ग्रंथालयाला मिळाली. बोर्डन यांनी कटर व ड्यूई यांच्या पद्धतींच्या आधारे बडोद्यासाठी वेगळी वर्गीकरणपद्धती आखली. तिची गरज उघड आहे. नव्याने वाचायला शिकलेल्या माणसाला लेखकाचे नाव कोठून ठाऊक असणार? ‘शेतीवर काही आहे का?’ एवढेच तो विचारू शकतो. म्हणून ग्रंथालयात पुस्तक विषयवार कपाटात राहते. लेखकाच्या व ग्रंथाच्या नावाने शोधणाऱ्यासाठी तालिकेत निराळी कार्डे असतात.

संदर्भपुस्तिकेचे वाचकही असेच दोन प्रकारचे असतात. नाव ठाऊक असलेल्याला वर्णक्रम सोयीचा. नवख्याला मात्र तो गोंधळात टाकतो. फाईल हाताळणाऱ्या ओपन, रीड, राइट, क्लोज या चार आज्ञा इंग्रजी वर्णक्रमाने लावल्या, तर फाईल उघडण्याआधी ती बंद करण्याची नोंद येते! आज्ञावली लिहिली गेली तोच क्रम ठेवला, तर लेखकाच्या विचाराची दिशा कळते. पण आज्ञावली वाढत गेली की तो क्रमही विस्कटतो. डॉक्सिजन, वेगळे काही न सांगितल्यास, सविस्तर नोंदी वर्णक्रमाने लावते आणि संक्षिप्त यादी मूळ क्रमाने ठेवते. विषयवार गट मात्र लेखकालाच टिपांतून नेमून द्यावे लागतात.

शिवाय यंत्राचा वर्णक्रम आपलाच असेल असे नाही. केवळ संकेतांकांवरून क्रम लावला, तर रोमन लिपीतील सर्व मोठी अक्षरे लहान अक्षरांच्या आधी येतात आणि १० हा २ च्या आधी येतो. युनिकोडमध्ये ‘ळ’ चा संकेतांक ‘ल’ नंतर, ‘व’ च्या आधी आहे. मराठी वर्णमालेत तो ‘ह’ नंतर येतो, कन्नडमध्येही तसाच. तेव्हा मराठी किंवा कन्नड सूची करणाऱ्याने भाषेचा क्रम यंत्राला मुद्दाम सांगावा लागतो.

माझ्या मते पुस्तिकेचा मुख्य भाग कामाच्या गटांप्रमाणे लावावा, प्रत्येक गटात नेहमी लागणाऱ्या नोंदी आधी द्याव्यात आणि शेवटी सर्व नावांची वर्णानुक्रमसूची जोडावी. सूची यंत्र क्षणात करून देईल. गट पाडण्याचे काम मात्र, ज्याला आज्ञावलीचा उपयोग ठाऊक आहे, त्यानेच करायला हवे. आपल्यापैकी जे विद्यार्थी प्रकल्पासाठी आज्ञावली लिहितात, त्यांनी टिपा लिहितानाच हे गट ठरवून टाकावेत. पुढल्या वर्षी तेच काम हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याला आपली नावे ठाऊक नसतात; त्याला फक्त आपली अडचण ठाऊक असते.