दोन माणसांना उचलेल एवढंच लाकूड

एल डोरेडो हे आर्कन्सॉ राज्याच्या दक्षिण टोकाचं गाव. १९२१ मध्ये तिथं तेल लागलं आणि झोपाळू वस्तीचं एकाएकी बाजारगाव झालं. त्याच वर्षी ३१ जानेवारीला, थोडं उत्तरेकडच्या पाइन ब्लफ गावात फे जोन्स यांचा जन्म झाला. पुढे आईवडील लिटल रॉकमार्गे एल डोरेडोला आले आणि त्यांनी खाणावळ चालवायला घेतली. फेच्या आधीच्या दोन्ही बहिणी लहानपणीच गेल्या होत्या. उरलेल्या या एकुलत्या मुलाचा सगळा जीव झाडांवर घरं बांधण्यात होता. नुसती फळ्या ठोकून केलेली मचाणं नव्हेत ती. एका झाडावरच्या घरात त्यानं विटांची खरीखुरी शेकोटी बांधली होती. ते घर पुढे जळालं हे सांगायला नकोच.

या जळालेल्या घराची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जोन्स यांनी नंतर जे काही बांधलं, त्यातलं पुष्कळसं या दोन गोष्टींतूनच आलं आहे: झाडांच्या उंचीवरची लाकडी बैठक आणि तिच्या मधोमध दगडविटांची ऊब.

मी स्वतः आर्किटेक्ट आहे. माझं शिक्षण पुण्यात झालं आणि आता नवऱ्याच्या नोकरीमुळे बेंटनव्हिलला राहते. वॉलमार्टचं मुख्यालय इथंच असल्यामुळे आमच्यासारखी मराठी कुटुंबं या भागात बरीच आहेत. आर्कन्सॉ म्हटलं की त्यांना ऑफिस, सुपरसेंटर आणि हायवे आठवतो. इथं विसाव्या शतकातला एक फार मोठा वास्तुकार जवळजवळ आयुष्यभर राहिला आणि इथल्याच लाकडादगडात काम करत राहिला, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. ही खंत मला गप्प बसू देत नाही.

आर्किटेक्ट व्हायचं हे जोन्स यांनी सिनेमाघरात ठरवलं. १९३८ मध्ये, शाळेत असताना, गावातल्या थिएटरात मुख्य चित्रपटाआधी त्यांनी एक छोटी फिल्म पाहिली. फ्रँक लॉइड राइट यांनी बांधलेल्या जॉन्सन वॅक्स कंपनीच्या इमारतीवरची ती फिल्म होती. पण राज्यात आर्किटेक्चर शिकवणारं कॉलेजच नव्हतं. म्हणून त्यांनी फेएटव्हिलच्या विद्यापीठात इंजिनिअरिंगला नाव घातलं. मग युद्ध आलं. ते नौदलाचे वैमानिक झाले आणि पॅसिफिकमध्ये होते. १९४३ मध्ये मेरी एलिझाबेथ नॉक्स यांच्याशी त्यांचं लग्न झालं. सगळे मेरी यांना ‘गस’ म्हणत. युद्ध संपवून परत येतात तो जॉन विल्यम्स नावाच्या शिक्षकानं फेएटव्हिलमध्ये आर्किटेक्चरचा अभ्यासक्रम नुकताच उभा केलेला. जोन्स त्याच्या पहिल्या तुकडीत बसले आणि १९५० मध्ये पदवीधर झाले.

त्याआधी, १९४९ मध्ये, ह्यूस्टनला अमेरिकेच्या आर्किटेक्ट संस्थेचं अधिवेशन भरलं होतं. राइट यांना संस्थेचं सुवर्णपदक मिळणार होतं, ते बघायला हे विद्यार्थी गेले. हॉटेलच्या बोळात अचानक दार उघडलं आणि खुद्द राइट समोर! पोरं भिंतीला चिकटून उभी राहिली. राइट यांनी जोन्स यांचा हात हातात घेतला, स्वतःची ओळख करून दिली आणि तिथंच त्या हॉटेलच्या बांधकामातले दोष दाखवायला सुरुवात केली. पुढे जोन्स ओक्लाहोमा विद्यापीठात शिकवत असताना ही ओळख वाढली आणि १९५३ च्या उन्हाळ्यात ते बायको आणि मुलींसह राइट यांच्या टॅलिएसिन आश्रमात राहायला गेले.

तिथून बाहेर पडलेले कितीतरी शिष्य जन्मभर राइट यांचीच नक्कल करत राहिले. जोन्स त्याच वर्षी फेएटव्हिलला परतले, विद्यापीठात शिकवायला लागले आणि १९८८ पर्यंत शिकवत राहिले. न्यूयॉर्क, शिकागो त्यांना ओढू शकलं नाही. पोटापुरता पगार विद्यापीठाचा होता, त्यामुळे कामं निवडता आली, आणि ती बहुतेक घरांचीच होती. १९५०च्या दशकात टेकडीच्या उतारावर त्यांनी स्वतःचं घर बांधलं, तेही तिथल्या मोठ्या खडकाला धक्का न लावता. खालचा मजला दगडी, गुहेसारखा; वरचा लाकूड आणि काचेचा, झाडांत शिरलेला. शेकोटीवालं झाडावरचं घरच की हे! बेंटनव्हिलला सॅम आणि हेलन वॉल्टन यांचं घरही त्यांचंच. ते बांधलं तेव्हा वॉल्टन यांचं वॉलमार्ट नव्हतंच, पहिलं दुकान निघालं ते १९६२ मध्ये. घराखालून ओढा जातो. १९७२ मध्ये वीज पडून घर जळालं, तेव्हा ते पुन्हा बांधायलाही जोन्सच होते.

आता थॉर्नक्राउन या प्रार्थनाघराबद्दल. युरेका स्प्रिंग्ज गावाबाहेर जिम रीड नावाच्या निवृत्त शिक्षकाची रानातली जमीन होती. डोंगर बघायला येणारे प्रवासी सारखे तिथं थांबत. त्यांना हाकलण्याऐवजी रीड यांच्या मनात आलं, इथं यांच्यासाठी एक छोटं प्रार्थनाघर का बांधू नये? जोन्स यांनी आराखडा केला. काम निम्म्यावर आलं आणि पैसे संपले. शेवटी एका बाईंनी कर्ज दिलं आणि १० जुलै १९८० रोजी दार उघडलं. इमारत २४ फूट रुंद, ६० फूट लांब, ४८ फूट उंच. आपल्याकडचं मंगल कार्यालयसुद्धा याहून ऐसपैस असतं. पण खिडक्या ४२५ आहेत आणि काच सहा हजार चौरस फुटांच्या वर.

रान तोडायचं नाही, अवजड यंत्रं आत आणायची नाहीत, हे जोन्स यांनी आधीच ठरवलं होतं. म्हणून नियम असा केला की झाडांमधल्या वाटेनं दोन माणसांना उचलून नेता येईल त्याहून मोठा एकही तुकडा वापरायचा नाही. मग उरलं काय? वखारीत सगळीकडे मिळणारं, दोन बाय चार, दोन बाय सहा, दोन बाय बारा इंचांचं पाइनचं लाकूड. कैच्या जमिनीवर जुळवल्या आणि मग वर चढवल्या. लाकडाला करडा रंग दिला, भोवतालच्या झाडांच्या सालीशी मिळेल असा.

भारतातून कुणी आलं की मी त्यांना तिथं घेऊन जाते. चिपळूणकडे घरबांधणीचे ठेके घेणारे माझे मामा आले होते, तेव्हा ते आत शिरताच थांबले. बाकीची माणसं काचेतून झाडं बघत होती. मामांनी मान वर केली ती खाली घेईनात. जवळच्या खांबाला त्यांनी तळवा लावला, एका फळीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि मला हळूच विचारलं, “अगं, तुळई कुठाय?”

अगदी नेमका प्रश्न होता तो. उतरत्या छपराचे वासे भिंतींना बाहेर ढकलत असतात. भिंत फाकू नये म्हणून कोकणातल्या घरात एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आडवी तुळई टाकतात. युरोपातल्या जुन्या गॉथिक चर्चमध्ये छताचा असाच रेटा अडवायला बाहेरून अजस्र दगडी टेकू दिलेले असतात. थॉर्नक्राउनमध्ये बाहेरून टेकू नाहीत आणि मोठी तुळईही नाही. डोक्यावर सडपातळ तिरप्या पट्ट्या एकमेकींना छेदत जातात आणि दोन्ही बाजूंना आतून ओढून धरतात. गॉथिक चर्च बाहेरून दाबून जे करतं, ते इथं आतून ताणून केलं आहे. जोन्स यांनी पॅरिसचं काचेचं सेंत शापेल हे चर्च डोळ्यांसमोर ठेवलं होतं, पण दगडाच्या जागी लाकूड येताच बलांची दिशाच त्यांनी उलटी केली. त्यातही खरी गंमत पट्ट्या मधोमध भेटतात तिथं आहे. तिथं लाकूडच नाही, पोकळ पोलादी जोड आहे, पतंगाच्या आकाराचा. सगळा ताण जिथं एकवटतो तीच जागा त्यांनी रिकामी ठेवली आणि तिच्यातून उजेड येऊ दिला. ज्यानं स्वतः लाकूड जोडलंय त्याच्या ते आधी लक्षात येतं. मामा बराच वेळ त्या जोडांकडेच बघत होते. मग म्हणाले, “हा माणूस सुतारांचा कैवारी दिसतो.”

मला हे वर्णन पटतं. जोन्स यांच्या इमारतीत प्रत्येक फळी का आहे हे दिसतं. काहीही छताच्या पत्र्याआड दडवलेलं नसतं. मिसिसिपी राज्यात पिकायून इथल्या क्रॉस्बी वनस्पती उद्यानात १९८७ मध्ये त्यांनी पाइनकोट नावाचा मंडप बांधला. त्याचं छप्पर मध्ये दाट आहे आणि कडेकडे विरळ होत जातं, शेवटी नुसते वासेच झाडांकडे झेपावलेले उरतात. इकडे आर्कन्सॉतल्या बेला व्हिस्टाचं कूपर चॅपल १९८८ चं. तिथं पोलादाच्या कमानी आहेत. ते सुंदर आहे, पण माझं मन थॉर्नक्राउनवरच बसलेलं.

१९९० मध्ये जोन्स यांना तेच सुवर्णपदक मिळालं जे ह्यूस्टनला राइट यांना मिळताना बघायला ते विद्यार्थी म्हणून गेले होते. राइट यांच्या शिष्यांपैकी हा मान मिळालेले ते एकटेच. त्यानंतर मोठं कार्यालय थाटणं सहज शक्य होतं. त्यांनी मोरिस जेनिंग्ज या भागीदाराबरोबर फेएटव्हिलमध्ये मोजक्या माणसांतच काम चालू ठेवलं, कारण दरवाजाच्या बिजागरीपासून दिव्यापर्यंत प्रत्येक गोष्ट स्वतः आखायची असेल तर पसारा वाढवून चालत नाही. ३० ऑगस्ट २००४ रोजी फेएटव्हिलमध्येच ते गेले. ज्या विद्यापीठात ते पहिल्या तुकडीचे विद्यार्थी होते, तिथल्या आर्किटेक्चरच्या शाळेला २००९ पासून त्यांचं नाव आहे. बेंटनव्हिलहून युरेका स्प्रिंग्ज मोटारीनं तासाभरावर आहे. आमच्या मंडळींनी एखादा रविवार मॉलऐवजी तिकडे काढावा, आणि आत गेल्यावर आधी वर बघावं, मग बाहेर.