आपोआप गिअर बदलणारी मोटार बंद कां पडते?

पायानें क्लच दाबावयाचा आणि हातानें गिअर बदलावयाचा, अशा मोटारींत नवशिक्या चालकाचें एंजिन चौकांत बंद पडलें, तर कोणालाच नवल वाटत नाहीं. क्लच सोडण्यांत घाई झाली, एवढेंच त्याचें कारण. परंतु जिच्यांत क्लचचें पेडलच नाहीं, अशी मोटारही सिग्नलपाशीं एकाएकीं निपचित पडते, तेव्हां मालक चक्रावून जातो. चूक करावयास येथें चालकाला जागाच नव्हती. मग चूक कोणाची?

या प्रश्नाचें उत्तर हवें असेल, तर अशी मोटार एरवीं बंद कां पडत नाहीं, हें आधीं पाहिलें पाहिजे. टेबलावर विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवावे व एकच सुरू करावा. त्याच्या वाऱ्यानें दुसराही फिरूं लागतो; आणि दुसरा अडवून धरला, तरी पहिला थांबत नाहीं. मोटारींत वाऱ्याचें काम तेल करतें. ‘टॉर्क कन्व्हर्टर’ नांवाच्या बंद डब्यांत एक चक्र एंजिनाबरोबर फिरून तेल भिरकावतें व त्या माऱ्यानें दुसरें चक्र फिरून गिअरपेटीला गति देतें. ब्रेक लावला कीं दुसरें थांबतें. पहिलें तेल घुसळीत राहतें. द्रवाच्या द्वारें शक्ति पोंचविण्याची ही युक्ति हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्यानें १९०५ सालीं जहाजांसाठीं काढली. पुढें ओल्डस्मोबीलच्या १९४० सालच्या मोटारींत ‘हायड्रामॅटिक’ गिअरपेटीबरोबर ती वापरली गेली.

परंतु तेल निसटतें, म्हणजे थोडी शक्ति वायां जाते. ती वांचविण्यासाठीं पुढील काळांतील बहुतेक मोटारींत त्या डब्यांतच एक क्लच बसविलेला असतो. मोटार वेगानें धांवूं लागली कीं तो दोन्ही चक्रांना घट्ट जोडतो. वेग उतरतांच त्यानें सुटलें पाहिजे. त्याच्या तेलाचा मार्ग विजेच्या झडपेच्या, म्हणजे सोलेनॉइडच्या, ताब्यांत असतो. ही झडप अडकली, तर क्लच सुटत नाहीं. चाकें थांबूं लागलीं कीं तीं एंजिनालाही आपल्याबरोबर थांबवितात. नवशिक्याची चूक येथें यंत्रच करतें!

मात्र प्रत्येक वेळीं दोष गिअरपेटीचा नसतो. उभ्या मोटारीचें एंजिन मिनिटाला साधारण ६०० ते ८०० फेरे घेतें. ‘डी’ खुणेवर तेवढ्या अल्प बळावर त्याला तेल घुसळावें लागतें. वातानुकूलन चालू असल्यास तोही भार पडतो. हवेच्या वाटेंत काजळी साठली, एखाद्या नळींतून हवा आंत शिरूं लागली, अथवा पेट्रोल पुरेसें पोंचेनासें झालें, तर एंजिन या ओझ्याखालीं दबून बंद पडतें.

या दोन दुखण्यांचा भेद कळण्यास एक साधी खूण आहे. थांबतांना मोटार हिसके देते, दांडी न्यूट्रलला नेतांच मात्र एंजिन शांतपणें चालतें, तर संशय त्या क्लचवर घ्यावा. न्यूट्रलमध्येंही तें थरथरत असेल, तर आधीं हवा, पेट्रोल व ठिणगी तपासावी. कारागिराला ही एक गोष्ट नीट सांगितली, तरी गिअरपेटी उगाच उघडण्याचा मोठा खर्च टळूं शकतो.

चालत्या रस्त्यावर एंजिन बंद पडलें, तर घाबरूं नये. सुकाणूचें चाक जड होतें, पण फिरतें. ब्रेकला साह्य करणारा जोर एकदोनदां दाबण्यापुरताच शिल्लक राहतो. म्हणून पेडल वारंवार न दाबतां एकदांच ठाम दाबावें व मोटार कडेला घ्यावी. मग दांडी ‘पी’ किंवा ‘न्यूट्रल’ला नेऊन एंजिन पुन्हां सुरू करावें, ‘डी’मध्यें तें सुरू होत नाहीं. मोटार ढकलून चालू करण्याची खटपट मात्र व्यर्थ आहे. गिअरपेटीचा तेलपंप एंजिनावरच चालतो. एंजिन निजलेलें असतां तेलाला दाब नाहीं, आणि दाबावांचून चाकांची हांक एंजिनापर्यंत पोंचत नाहीं.